दसऱ्याचा हार

"पुन्हा सेल्फ मार," बॉनेटखाली वाकलेला मिस्त्री म्हणाला. हणमंतानं चावी फिरवली. जुनी पिकअप बराच वेळ कण्हली, कशीबशी सुरू झाली आणि काळा धूर ओकत जागेवरच थरथरू लागली. डिझेलचा फिल्टर बदलून झाला, बॅटरी बदलून झाली. आता काय राहिलं, ते मिस्त्रीलाही कळेना.

हणमंताला मात्र आपल्याला कारण ठाऊक आहे असं वाटत होतं. दसऱ्याला गाडीला ओवाळलं ते विधवा वहिनीनं. गाडी तिच्याच नवऱ्याची, तिला अडवणार कोण? पण चार दिवसांत इंजिन रुसलं, लोक कुजबुजले आणि हणमंतानंही तिला सांगून टाकलं, "वहिनी, गाडी निघताना समोर येत जाऊ नका." समोरच्या जाळीवर दसऱ्याचा हार होताच. दृष्ट लागू नये म्हणून त्यावर त्यानं आणखी जाडजूड हार चढवला. गाडी जास्तच बिघडली.

मिस्त्रीनं शेवटी एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या गच्च बसल्या होत्या.

"हवा ओढायच्या तोंडावरच हार बांधलास होय रं? श्वास कुठनं घेणार ती?"

दोन्ही हार काढले, फिल्टर झाडला आणि गाडी एका चावीत सुरू झाली. घरी येईपर्यंत हणमंत वहिनीसाठी शब्द जुळवत होता.

ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. गाडीचा आवाज कानावर येताच तिनं सूप उचललं आणि घाईनं आत जाऊन दार लोटून घेतलं.

इंजिन संथ, सुरेख चाललं होतं. जुळवलेल्या शब्दांतला एकही हणमंताला आठवेना.