खडूची खूण

मोटरसायकलचा साखळीऐवजी असणारा दातेरी बेल्ट तपासायची मिस्त्रींची पद्धत ठरलेली होती. एका दातावर खडूची खूण करायची, मागचं चाक हाताने फिरवायचं आणि खूण परत येईपर्यंत एकेक दात बघायचा. दोन-अडीच फेऱ्यांत खूण हमखास परत यायची.

गेल्या महिन्यात, समोर उभ्या असलेल्या याच इलेक्ट्रिक मोटरसायकलवर त्यांनी खूण तेवढी केली होती. चाक न फिरवताच तपासणीच्या कार्डावर सही ठोकली. चौथ्या दिवशी भर रस्त्यात बेल्ट तुटला. चालवणारा घरी परत गेलाच नाही.

आज त्याची बायको गाडी घेऊन आली होती. "नवा बेल्ट टाकलाय. विकायच्या आधी एकदा बघून द्या."

मिस्त्रींना मान वर करून तिच्याकडे बघवेना. त्यांनी खूण केली, चाक फिरवलं.

दोन फेऱ्या झाल्या. पाच झाल्या. काळेभोर, कोरे दात एकामागून एक येत राहिले. खडू तर अजून बोटांना लागलेला होता. विसावी फेरी झाली, तरी थांबायचा धीर होईना.

मागे स्टुलावर बसलेली बाई शांतपणे म्हणाली, "यांच्या वेळी तर लगेच झालं होतं, मिस्त्री."