पांढरा चीक

“ताई, उंची बघू नका. बोन्सायला बुंधा जाड हवा, आणि हलवला तर डुगडुगायला नको,” नर्सरीतले काका म्हणाले. मी वडाचं रोप हलवून बघायला वाकले. तेवढ्यापुरता लेकीचा हात सुटला.

वळले तर माझी दीड वर्षाची पोर काहीतरी चघळत होती. ओठांवर पांढरा चीक.

काकांचा चेहरा उतरला. “वडाचं पान असेल तर फार काळजी नाही. पण शेजारच्या कुंड्या अडेनियमच्या आहेत. चीक तसाच पांढरा, पण विषारी.”

मी तिच्या तोंडात बोट घालून चोथा काढला. हिरवा, कुठल्याही पानाचा वाटेल असा. काका तुटकं पान शोधत कुंड्या फिरवू लागले. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. ती उघडायला माझे हात धजेनात.

शेवटी काकांनीच एकेक बोट सोडवलं. आत अर्धं पान होतं, इवल्या दातांनी कुरतडलेलं.

“वडाचंच आहे हो, ताई!” काका तिथेच मटकन बसले.

मला रडू कोसळलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि उरलेलं पान माझ्याच ओठांशी धरलं. “आई, मंमं.”