काळा नळ

दाबाचा काटा पुन्हा अर्ध्याच्या खाली गेला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा, घर गरम ठेवणारा बॉयलर विझला होता आणि बाहेर उणे चौदा अंश.

आतल्या खोलीतून धार पडल्याचा आवाज आला. लुआनला पाहायला जायची गरज नव्हती, तरी तो गेला. छाओयुन रेडिएटरच्या टोकाची तोटी उघडून तसराळ्यात पाणी काढत होती. काळपट, कोमट.

"अगं, काय चाललंय?"

"फरशी पुसतेय. घरात गरम पाणी असताना गारात हात घालू?"

"तो कोळशाचा बंब गेला आता. त्याला वरून बादली ओतली की भागायचं. ह्यातलं पाणी बंद पाइपांतच फिरतं. तू तसराळं भरलंस की दाब उतरतो आणि बॉयलर विझतो."

"मग तसं सांगायचं ना!"

त्यानं काल सांगितलं होतं. परवाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पोटाच्या ऑपरेशनसाठी शहरात जायचं होतं. बारा दिवस ती घरात एकटी असणार होती. बॉयलर विझून राहिला, तर दोन रात्रींत पाइप गोठून फुटले असते.

"शेजारच्या फांगला सांगून ठेवू का?"

"त्याला नको. चहाला बसला की उठत नाही मेला."

लुआन हसला. पोटातून कळ आली तसा थांबला. मग तिला हाताला धरून बॉयलरपाशी नेलं आणि खालचा छोटा काळा नळ दाखवला. तिनं तो फिरवला. आत पाणी सळसळलं, काटा हळूहळू चढला. दीडवर आल्याबरोबर त्यानं तिचा हात धरून नळ घट्ट बंद करवला.

"उघडाच राहिला, तर काटा तीनच्या पुढे जातो आणि पाणी घरभर होतं. कळलं?"

"मी काय लहान आहे?"

"मग सांग. काटा कुठे हवा?"

"एक आणि दीडच्या मध्ये."

"खाली आला तर?"

"काळा नळ उघडायचा." ती खूश झाली होती.

"शाब्बास. आणि दीडवर आला की?"

छाओयुननं नळाकडे पाहिलं. मग काट्याकडे. मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे.

"मग तुम्हाला हाक मारायची," ती म्हणाली.