हेडविगबाईंचा तोरा

घरी मदतनीस द्यायची की नाही, हे ठरवायला वृद्धांच्या देखभाल-विम्याचा तपासनीस येणार होता. "मम्मा, आज तोरा नको. जमत नाही ते जमत नाही म्हण," झिल्केनं आईला आठवडाभर बजावलं. दोनदा न्हाणीत पडलेल्या शहाऐंशीच्या हेडविगबाईंनी मात्र मोत्यांची माळ घातली, केक भाजला आणि "सगळं माझं मीच करते हो!" म्हणत त्याला दोन तुकडे वाढले.

झिल्केनं कपाळावर हात मारला आणि ती कॉफी आणायला गेली.

निघताना तपासनीस दारात कुजबुजला, "मदत मंजूर. त्यांना स्वतःची मुलगीही ओळखू येत नाही. तुम्ही कॉफी आणायला निघालात, तेव्हा तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'माझं सोडा, पण या माझ्या आईकडे बघायला कुणीतरी हवं.'"

झिल्के तरातरा आत आली.


"मला 'जमत नाही' म्हणायची लाज वाटते गं," केक खात हेडविगबाई म्हणाल्या, "तुला म्हातारी म्हणायची कसली लाज?"