दाराची कडी

पहिल्याच भेटीत नवशिक्या मृण्मयीने समुपदेशनाच्या खोलीचं दार लावून कडी घातली. मुलांचं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे ती घोकून आली होती. पण कडी वाजताच चौदा वर्षांची शलाका भिंतीला चिकटली.

"अगं, तिचे हाल बंद दाराआडच झाले ना?" मृण्मयीला शिकवणाऱ्या देवस्थळीबाई म्हणाल्या. "दार उघडं ठेव. बाहेर कुणी फिरकणार नाही, ते मी बघते."

तेव्हापासून दर भेटीला बाई पॅसेजच्या टोकाला स्टूल टाकून बसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला परतवायच्या. आत शलाका कागदावर नुसती मांजरं काढत राहायची.

आज ती उठली. तिने स्वतःच दार लावलं, कडी घातली.

बाहेर स्टूल उचलल्याचा आवाज आला. बाई निघाल्या होत्या. मृण्मयीने मनोमन हात जोडले.

"ताई," शलाका म्हणाली, "आता सांगते."