चिपाडाची पत्रावळ

गावात नवी सून होऊन आलेली कौसल्या शिराळ्याच्या स्टँडवरच्या रसवंतीतली टाकाऊ चिपाडं आणायची. ती शिजवून, कुटून, शिळ्या भाताच्या खळीत कालवून पत्रावळी थापायची. सत्त्याण्णवच्या जत्रेआधी तिनं कमिटीला नमुना दाखवला. अध्यक्षांनी तो वाकवून पाहिला. "लय झ्याक हाय! जेवल्यावर मातीत जिरंल. समद्या गावाला ह्याच घेऊ. कुणाची गं तू?" "बौद्धवाड्यातल्या राजरत्न कांबळ्यांची." अध्यक्षांनी पत्रावळ हळूच खाली ठेवली आणि धोतराला हात पुसले. जत्रेला थर्माकोलची ताटं आली. जेवणं उरकली, ताटांनी ओढा तुंबला, तेव्हा अध्यक्षांचा माणूस कांबळ्यांच्या दारात आला. "ओढा साफ कराय चला, बोलवलंय." कौसल्या ताडकन म्हणाली, "आमच्या हातची पत्रावळ चालंना, मग तुमचं उष्टं आमी का उचलायचं?" तिचं बोलणं संपायच्या आत सासऱ्यांनी कोपऱ्यातला खराटा हातात घेतला होता.