वास गेलेलं तिखट

सासूबाई बहिणीकडे गेल्या आणि सुनेने मसाल्यांचे डबे खाली काढले. लाल तिखट तळहातावर चोळून नाकाशी नेलं, तर ना वास, ना शिंक. यापेक्षा विटेचा भुगा बरा! तिने अख्खा डबा कचऱ्यात उपडा केला आणि ताजं तिखट आणून भरलं.

दुपारी सासरे जेवायला बसले. "आपल्याला सपक चालत नाही," असं गावभर सांगत फिरणारा माणूस. सवयीप्रमाणे त्यांनी भाजीवर चमचाभर तिखट वरून घेतलं. पहिल्याच घासाला डोळे पांढरे झाले, कान लाल झाले, आणि तांब्या तोंडाला लावून ते घरभर नाचायला लागले.

तेवढ्यात सासूबाई दारात हजर. नवऱ्याचा अवतार बघून त्यांनी सुनेला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तिखटाचं काय केलंस?"

"जुनं टाकून दिलं, आई. त्यात काही दमच राहिला नव्हता."

"अगं बाई!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "डॉक्टरांनी यांचं तिखट केव्हाच बंद केलंय. पण हे ऐकतात होय कुणाचं? म्हणून तर वर्षभर उन्हात ठेवून ठेवून मीच त्याचा दम काढला होता!"